गिझर बंद पडायची वाट बघू नका : दुरुस्ती नव्हे, देखभाल विका



तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "कुणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?" त्याखाली तीन-चार नंबर येतात. अर्ध्या तासाने पुन्हा मेसेज : "पहिला फोन उचलत नाही, दुसरा उद्या येतो म्हणाला, तिसरा गावाला गेलाय." हा संवाद वाचून आपण हसतो आणि पुढे जातो. पण व्यवसाय शोधणाऱ्या माणसाने इथेच थांबायला हवं. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि दुकान बंद आहे, असा हा प्रकार आहे.

घरगुती प्लंबिंग आणि गिझरची देखभाल हा कमी भांडवलात सुरू होणारा व्यवसाय कसा उभा करायचा, ते आज बघूया. व्हिडिओमध्ये वेळेअभावी हिशोब आणि तांत्रिक आकडे पूर्ण सांगता येत नाहीत, ते इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. या धंद्यातले बहुतेक लोक दुरुस्ती विकतात. नळ तुटला की फोन, फोन आला की काम, काम झालं की संपलं. पुढचा फोन कधी येईल ते नशिबावर. तुम्ही देखभाल विका. म्हणजे वस्तू बिघडायच्या आधी, ठरलेल्या महिन्यात, तुम्ही स्वतः फोन करून जायचं. दुरुस्तीवाला फोनची वाट बघतो. देखभालवाल्याकडे पुढच्या वर्षाच्या कामांची यादी तयार असते.

सुरुवात गिझरपासूनच का?

दिवाळीचा विचार करा. नरक चतुर्दशीची पहाट, उटणं वाटून ठेवलंय, घरात लेक-जावई आलेत आणि चार वाजता गिझर गार! त्या घरात त्या क्षणी प्लंबरची किंमत काय असेल? पण त्या पहाटे तुम्ही जाऊन फारसं काही करू शकत नाही. दुकानं बंद, पार्ट मिळणार नाहीत.

हेच गिझर नवरात्रात तपासले असते तर? एलिमेंट बदलायला आठ दिवस हातात होते. म्हणून या कामाचा सीझन गणेश विसर्जनानंतर सुरू होतो आणि दिवाळीच्या आधी जोरात असतो. पावसाळाभर कमी वापरलेले गिझर थंडीच्या तोंडावर एकदम रोज चालू होतात आणि लपलेले दोष तेव्हाच बाहेर येतात.

दुसरं कारण असं की गिझरला दरवर्षी देखभाल खरोखर लागते. ही गळ्यात मारलेली सेवा नाही. तिसरं कारण, गिझरच्या निमित्ताने तुम्ही बाथरूममध्ये शिरता, तेव्हा गळका नळ, तुंबलेली नहाणी, सतत वाहणारा फ्लश हे सगळं डोळ्यांसमोर असतं. एका भेटीत दोन-तीन कामं मिळतात.

आधी यंत्र समजून घ्या

साठवणीच्या गिझरमध्ये, म्हणजे १०, १५ किंवा २५ लिटरच्या नेहमीच्या गिझरमध्ये, पाच गोष्टी ओळखता यायलाच हव्यात.

एक, एलिमेंट. पाणी तापवणारी कॉइल. बहुतेक साठवणीच्या गिझरमध्ये २००० वॉटची असते, ३ लिटरच्या इन्स्टंटमध्ये ३००० वॉटची. २३० व्होल्टवर पहिली साधारण ९ अँपिअर ओढते, दुसरी १३. म्हणून गिझर कायम १६ अँपिअरच्या सॉकेटवर हवा. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर लावलेला दिसला तर आधी तेच बोला. तो सॉकेट वितळायची वाट बघतोय.

दोन, थर्मोस्टॅट. ठरलेल्या तापमानाला वीज बंद करतो. तीन, थर्मल कटआउट. थर्मोस्टॅट नादुरुस्त झाला तर शेवटचा राखणदार हाच.

चार, अ‍ॅनोड रॉड. ही मॅग्नेशियमची कांडी असते. हिचं काम झिजणं! पाणी टाकीच्या लोखंडाला खाण्याऐवजी आधी मॅग्नेशियमला खातं. कांडी संपली की पाणी टाकीकडे वळतं. टाकीला भोक पडलं की दुरुस्ती नाही, गिझरच बदलावा लागतो. म्हणजे काही शे रुपयांची कांडी वेळेवर बदलली तर काही हजारांचा गिझर वाचतो. ग्राहकाला समजावण्यासारखं यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

पाच, थंड पाण्याच्या इनलेटवरचा मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह. याच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण इथेच चांगल्या आणि वाईट मेकॅनिकचा फरक कळतो.

आता एक हिशोब. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.६ युनिट वीज लागते आणि २००० वॉटच्या गिझरला सुमारे १८ मिनिटं. २५ लिटरला साधारण एक युनिट आणि अर्धा तास. हे आकडे पाठ करा. "आमचा गिझर तासभर घेतो" असं कुणी म्हणालं की लगेच एलिमेंट बदलायला सांगू नका. आधी व्होल्टेज मोजा. घरात २३० ऐवजी २०० व्होल्टच येत असतील तर २००० वॉटचा गिझर १५०० वॉटचंच काम करतो. अशा वेळी नवीन एलिमेंट टाकून काहीच फरक पडणार नाही, आणि ग्राहक तुम्हाला फसवा म्हणेल.

उलट "पाणी लवकर गरम होतं, पण लगेच संपतं" ही तक्रार आली तर क्षारांचा संशय घ्या. टाकीत थर साचला की पाण्याला जागा कमी उरते, आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला की तो चुकीच्या वेळी वीज तोडतो. गिझरमधून सूंऽऽ किंवा ठकठक आवाज येत असेल तरी बहुधा तेच कारण.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींमध्ये हा त्रास सहसा जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. एक गोष्ट लक्षात ठेवा : बाजारात मिळणारं टीडीएस मीटर पाण्याचा कठीणपणा दाखवत नाही, सगळे विरघळलेले क्षार एकत्र दाखवतं. कठीणपणा मोजायला थेंबांचं वेगळं किट मिळतं, ते घ्या. ग्राहकासमोर टेस्ट ट्यूबमध्ये रंग बदलताना दाखवलात की तुमचं बोलणं त्याला लगेच पटतं.

सर्व्हिस कशी करायची : क्रम चुकवू नका

१. आधी एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका, कारण कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि फेज चालूच राहतो. टेस्टर आणि मल्टिमीटर दोन्हींनी तपासा.

२. थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडून प्रेशर सोडा. पाणी गरम असेल तर निवू द्या. घाई करून हात भाजून घेण्यात काही मर्दुमकी नाही.

३. स्वतःची बादली खाली ठेवा आणि टाकी रिकामी करा. बादलीत पडणाऱ्या पाण्याचा रंग ग्राहकाला दाखवा. पांढरे खडे आले तर क्षार. तांबूस पाणी आलं तर कांडी संपली असण्याची शक्यता, किंवा टाकीला गंज लागलाय.

४. वायरच्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा, मगच वायर सोडा. हा फोटो परत जोडताना उपयोगी पडतो.

५. एलिमेंट मल्टिमीटरवर तपासा. २००० वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम येतो, ३००० वॉटचा साधारण १८. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल तुटली. एलिमेंटचं टोक आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये मात्र आकडा यायला नको. तिथे आला तर एलिमेंट लीक आहे, शॉक बसू शकतो. ते लगेच बदलायचं, "या सीझनला चालवून घेऊ" म्हणायचं नाही.

६. एलिमेंटवरचा थर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट द्रावणात भिजवून काढा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम पुरतं. फरशी धुवायचं ॲसिड टाकीत ओतणारे लोक आहेत. त्याने थर झटपट जातो, पण त्याबरोबर टाकीचं आतलं अस्तर आणि धातूही खाल्ला जातो. हातोडीने ठोकून थर पाडायचा नाही, अस्तराला तडा जातो.

७. अ‍ॅनोड रॉड बघा. अर्ध्याहून जास्त झिजलाय किंवा आतली तार दिसायला लागली तर बदला. जुनी कांडी ग्राहकाच्या हातात द्या. ती बघूनच त्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

८. नवीन गॅस्केट घाला. दहा-वीस रुपये वाचवायला जुनं गॅस्केट परत बसवलंत तर रात्री दहा वाजता फोन येणारच.

९. पाणी भरा. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत वीज चालू करायची नाही. कोरडा एलिमेंट काही सेकंदांत जळतो.

१०. शेवटी अर्थिंग तपासा, पाणी तापून कटऑफ होईपर्यंत थांबा आणि गळती बघा. तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवा. जास्त तापवलं की वीजही जास्त आणि क्षारही जास्त बसतात.

या सगळ्याला तास-सव्वा तास लागतो. पंधरा मिनिटांत "सर्व्हिस" करणारा यातलं निम्मं टाळतो, हे समजून घ्या.

आणखी एक : गिझर गॅरंटीत असेल तर उघडू नका. "ताई, तुमचं मशीन अजून गॅरंटीत आहे, कंपनीला फोन करा, फुकट होईल" असं सांगा. टाकीची गॅरंटी बहुधा इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, तेही कार्डावर वाचून दाखवा. त्या दिवशी तुमचं काम गेलं. पण त्या ताई तुमचा नंबर डिलीट करणार नाहीत.

गळणारा व्हॉल्व्ह आणि तुमचा प्रामाणिकपणा

आता त्या व्हॉल्व्हकडे येऊ. एक तक्रार तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल : "अहो, गिझर तापला की वरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं."

हे ठिबकणं बऱ्याचदा दोष नसतो. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण २०० मिलिलिटरने वाढतं, म्हणजे जवळपास एक पेलाभर. त्या व्हॉल्व्हमुळे गरम पाणी मागे थंड पाइपात जाऊ शकत नाही, आणि सगळे नळ बंद असतात. मग ते पेलाभर पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्ह ते बाहेर सोडतो आणि टाकीवरचा दाब कमी करतो. तो त्याचं काम करतोय.

ग्राहकाला हे माहीत नसतं, त्याला फक्त ओली भिंत दिसते. आणि काही लोक काय करतात? त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारतात किंवा एम-सील लावतात. ठिबकणं बंद, ग्राहक खूश, पैसे खिशात. पण आता थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही बिघडले तर त्या टाकीतला दाब सोडायला कुणीच उरलं नाही. बाथरूमच्या भिंतीवर फुटायला तयार असलेली टाकी लटकवून तो माणूस निघून गेलाय.

तुम्ही काय करायचं? व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती नहाणीकडे सोडायची, तोंड उघडं ठेवून. भिंत कोरडी, व्हॉल्व्ह मोकळा. गिझर बंद असतानाही सतत धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप बसवलेल्या घरात हा दाब बराच वाढतो. गिझरच्या पाटीवर किती बार लिहिलंय ते वाचा आणि गरज असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह सुचवा.

जिथे "नाही" म्हणायचं, तिथे म्हणा

हा भाग दोनदा वाचा. दर हिवाळ्यात बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणाऱ्याला गरगरतं, तो खाली बसतो आणि दार उघडण्याची ताकद उरत नाही.

म्हणून नियम ठरवा : गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही आणि आत बसवलेल्याची सर्व्हिसही करायची नाही. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवायचा आणि फक्त पाण्याचा पाइप आत न्यायचा. काका म्हणतील, "अरे, दहा वर्षं झाली, काही झालं नाही." तुम्ही म्हणा, "काका, बाहेर हलवायचं काम मी करून देतो, पाइपाचे पैसे तेवढे द्या. पण आत असताना मी हात लावणार नाही." गॅसच्या जोडणीचं काम अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्या.

विजेचंही तसंच. गिझरमधला भाग बदलणं वेगळं आणि घराचं वायरिंग करणं वेगळं. वायरिंग, अर्थिंग, नवीन पॉइंट यासाठी परवानाधारक वायरमन हवा. तुमच्या भागातल्या एका चांगल्या वायरमनशी आधीच जोडून घ्या. तुम्ही त्याला काम द्या, तो तुम्हाला देईल. अर्थिंग नसलेल्या घरात गिझर चालू करून निघून येऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. महापालिकेच्या पाइपलाइनवरून नवीन नळजोडणी करायलाही परवानाधारक प्लंबर लागतो, त्यातही परस्पर हात घालायचा नाही.

त्याच भेटीत होणारी प्लंबिंगची कामं

गिझर तापेपर्यंत तुमच्याकडे १५-२० मिनिटं असतात. ग्राहकाला विचारा, "घरातले बाकीचे नळ बघू का? बघायचे पैसे नाहीत."

गळका नळ : नळाखाली एक लिटरची बाटली ठेवा आणि घड्याळ बघा. तासाला एक लिटर भरत असेल तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर! टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा आकडा सांगितला की वेगळी विक्री करावी लागत नाही. जुन्या आट्यांच्या नळाला वायसर बदलून भागतं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना सिरॅमिकचा स्पिंडल लागतो. दोन-तीन मापांचे स्पिंडल बॅगेत ठेवा.

फ्लशची टाकी : टाकीत चिमूटभर खायचा रंग टाका आणि १५ मिनिटं फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला तर तळाचं रबर गळतंय. ही गळती कानाला ऐकू येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते.

कमी धार : लगेच पाइप बदलायला सांगू नका. नळाच्या तोंडाची जाळी आणि अँगल कॉकमधली जाळी आधी काढून धुवा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं. फक्त गरम पाण्याची धार कमी असेल तर गिझरच्या कनेक्शन पाइपात क्षार साचलेत का ते बघा.

पाइप जोडताना : गरम पाण्याला सीपीव्हीसी वापरायचा, यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला. दोन्हींचं सॉल्व्हंट सिमेंटही वेगळं, एकाच डबीने दोन्ही चिकटवू नका. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळलेली टेप घट्ट करताना सुटून येते.

दर कसा ठरवायचा?

"शेजारचा किती घेतो" हे बघून दर ठरवू नका. तुमचा खर्च बघून ठरवा. एक उदाहरण घेऊ, आकडे तुम्ही तुमचे टाका.

समजा घर चालवायला महिन्याला ३०,००० रुपये हवेत. कामाचे दिवस २५. म्हणजे रोजचे १,२०० रुपये. पेट्रोल, फोन, अवजारांची झीज मिळून रोजचे ३०० धरा. झाले १,५००. जाणं-येणं धरून दिवसाला तीन भेटी नीट होतात. १,५०० भागिले ३, म्हणजे एका भेटीची मजुरी ५०० रुपये. हा तुमचा तळ. याच्याखाली गेलात तर तुम्ही पदरचे पैसे घालून लोकांचे गिझर साफ करताय.

पार्टचे पैसे वेगळे. पार्टवर तुमचा नफा असू द्या, पण छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नका आणि बिल द्या. जुना पार्ट ग्राहकाकडेच सोडा. एवढ्या दोन सवयींनी "प्लंबर लुटतात" हे वाक्य तुमच्याबाबतीत कुणी बोलणार नाही.

आता हाच हिशोब पुढे न्या. दिवसाला ३ भेटी, महिन्याला ७५, वर्षाला ९००. प्रत्येक घरी वर्षातून दोनदा जायचं ठरवलं, एकदा दिवाळीच्या आधी-नंतर गिझरसाठी आणि एकदा उन्हाळ्यात पाणीटंचाईच्या तोंडावर गळती तपासायला, तर तुम्हाला ४५० घरं लागतात. फक्त ४५०! शहरातल्या चार-पाच मोठ्या सोसायट्यांमध्ये एवढी घरं असतात. संपूर्ण शहर पालथं घालायची गरज नाही. जितकी घरं जवळ, तितकं पेट्रोल कमी आणि भेटी जास्त.

खरी मालमत्ता : वही आणि कार्ड

पान्यापेक्षा महत्त्वाचं अवजार सांगतो, ते म्हणजे वही. प्रत्येक घराचं एक पान. गिझर किती लिटरचा, कधी घेतला, पाणी बोअरचं की पालिकेचं, कांडी किती झिजली होती, कोणता पार्ट कधी बदलला, पुढची तारीख काय.

हीच माहिती एका छोट्या कार्डावर लिहून ते कार्ड विजेच्या बोर्डच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. वर तुमचं नाव, नंबर. कार्डामुळे तुमची जाहिरात कायम त्या घरात राहते, आणि उद्या दुसरा मेकॅनिक आला तरी त्याला मशीनचा इतिहास कळतो. ग्राहकाचा फायदा आधी, तुमचा आपोआप होतो.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये वही उघडायची आणि फोन लावायचा : "नमस्कार काकू, मागच्या वर्षी तुमच्या गिझरची कांडी अर्धी झिजली होती. दिवाळीच्या आधी बघून घेऊया का? शनिवारी येऊ की रविवारी?" असा फोन आजवर कुठल्या प्लंबरने त्यांना केलाय? काकू शेजारणीलाही सांगतील.

कागदपत्रं आणि भांडवल

शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. वय निघून गेलंय वाटत असेल तर एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली सहा महिने काढा, पण शिकल्याशिवाय विजेच्या वस्तूला हात लावू नका.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि ती मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. अवजारांसाठी कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जासाठी बँकेत अर्ज करता येतो. बरेच जण पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल विचारतात. त्या योजनेच्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार, गवंडी, कुलूप बनवणारे आहेत, प्लंबर नाही. उगाच फॉर्मच्या मागे धावू नका.

सुरुवातीची बॅग : पाइप पाना, स्क्रू पाना, बॉक्स पान्यांचा सेट, पक्कड, हॅक्सॉ, टेस्टर, चांगला मल्टिमीटर, कठीणपणा तपासायचं किट, ब्रश, टेफ्लॉन, गॅस्केट, वायसर, स्पिंडल. शिवाय स्वतःची बादली, दोन जुनी फडकी आणि एक छोटा झाडू. काम झाल्यावर बाथरूम पुसून देणारा प्लंबर लोक आयुष्यभर विसरत नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

पहिला दिवस : स्वतःच्या घरापासून सुरुवात. गिझरची पाटी वाचा, वॉट, लिटर आणि बार लिहून काढा. सॉकेट किती अँपिअरचा आहे ते बघा.

दुसरा आणि तिसरा दिवस : आसपासच्या दहा घरी फक्त विचारा, "तुमच्या गिझरची शेवटची सर्व्हिस कधी झाली?" उत्तरं वहीत लिहा. "सर्व्हिस करावी लागते का?" असं किती जण विचारतात ते मोजा. तो आकडा म्हणजे तुमची बाजारपेठ.

चौथा दिवस : वरचा दराचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा.

पाचवा दिवस : एक अनुभवी मिस्त्री आणि एक परवानाधारक वायरमन गाठा. चहा पाजा, काम शिकायची तयारी दाखवा.

सहावा दिवस : कार्ड छापून घ्या. शंभर पुरेत.

सातव्या दिवशी जवळच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. गिझर-तपासणीचा एक रविवार मागा, पण शिकवणारा मिस्त्री सोबत असेल तरच. त्या दिवशी कुणाच्या बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला किंवा व्हॉल्व्हला प्लग मारलेला दिसला, तर पैशांचं बोलणं बाजूला ठेवून आधी तेवढं सांगा. काम मिळो न मिळो, ते घर सुरक्षित झालं पाहिजे. धंदा त्यानंतर.

तुमच्या भागात पाणी बोअरचं आहे की पालिकेचं, आणि दहापैकी किती घरांनी कधीच सर्व्हिस केली नव्हती, ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडा, पहिलं पान भरा!